नळी भरीव का? हाडं कापतानाच्या नोंदी

८ जून २०२५
पुतणी आज सुट्टीवर आली आणि बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "काका, तुम्ही कास्टिंग कापून पॉलिश करून बघता ना, तसं मला हाड कापून द्याल का?" बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे. विषय तिनेच निवडलाय: हातापायाच्या हाडाचा आडवा छेद पाहून तो प्राणी जमिनीवर राहणारा, पाण्यात राहणारा की उडणारा हे ओळखता येतं का.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीत बावीस वर्षं काढली. धातूचा तुकडा कापायचा, घासायचा, आतली भोकं मोजायची, हा रोजचा उद्योग. हाडही त्याच रांगेत बसेल असं वाटलं. हो म्हणालो. नोंदी मी ठेवणार, आकडे ती काढणार, असं ठरलं.

मूळ कल्पना एवढीच. नळीच्या हाडाला बाहेरून घट्ट भिंत असते, आत मगजाची पोकळी. भिंत किती जाड आणि पोकळी किती मोठी, हे प्राण्यागणिक बदलतं. पाणघोडा किंवा समुद्रगाय यांची हाडं जड आणि जवळजवळ भरीव, उडणाऱ्या पक्ष्यांची पातळ भिंतीची. म्हणजे नामशेष झालेल्या प्राण्याचं नुसतं एक हाड हाती असलं तरी त्याच्या राहणीचा अंदाज काढता यावा. ऐकायला फारच सोपं आहे. म्हणूनच मला शंका आली.

जंगली प्राण्याचं काहीही आणायचं नाही हे पहिल्याच दिवशी बजावलं. रंकाळ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, मेलेला सापडला तर उचलायचा मोह होईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे प्रकल्पाचं कारण चालत नाही. जे खाटकाकडे मिळतं तेच.

१५ जून
ओळखीच्या मटणवाल्याकडून बोकडाच्या मागच्या मांडीची तीन हाडं आणि पुढच्या पायाच्या दोन नळ्या आणल्या. त्याला सांगावं लागलं की मध्ये तोडू नकोस. त्याचा हात सवयीने सत्तूरकडे जातो, एक मांडी त्यात गेलीच. "अख्खी नळी घेऊन काय करणार? रस्सा कसा उतरणार?" हा प्रश्न रास्त होता.

उकळण्यावरून घरात वाद झाला. स्वयंपाकघरातलं एकही पातेलं मिळणार नाही असा निकाल लागला. गच्चीवर जुना पत्र्याचा डबा आणि छोटी शेगडी. दोन तास मंद उकळलं, मांस सुरीने काढलं, मग धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यात दोन दिवस. चरबी सुटली नाही तर पुढे स्कॅनवर हाड पिवळं-काळं दिसतं, हे आम्हाला नंतर महागात पडून कळलं.

मगज काढायला दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून सिरिंजने पाणी मारलं. यात घाई केली तर आतले जाळीदार धागे तुटतात.

२१ जून
पहिला छेद. कारखान्यात आम्ही अपघर्षक चाकाचा कटर वापरतो, थंड पाण्याच्या धारेखाली. हाडावर तसा वापरला तर कड करपली आणि दाताच्या दवाखान्यासारखा वास आला. हॅकसॉची बारीक दात्याची पात लावली, हाताने कापलं. नंतर काचेवर पॉलिश पेपर: २२०, ४००, ६००, शेवटी १०००. ओलं घासायचं, प्रत्येक पेपरला दिशा बदलायची. पुतणीने पहिल्या तासात तीन पेपर फाडले, चौथ्यापासून हात बसला.

मांडीच्या मधोमध बाहेरचा व्यास साधारण १६ मिमी, पोकळीचा १०. हाड तंतोतंत गोल नसतं, पण हिशोबाला धरू. १० भागिले १६ म्हणजे ०.६२५, त्याचा वर्ग ०.३९. म्हणजे छेदातला ३९ टक्के भाग पोकळ, ६१ टक्के हाड. या ०.६१ ला आम्ही 'भरीवपणा' म्हणायचं ठरवलं. शास्त्रीय लेखांत यासाठी वेगळा शब्द आहे, पण घरात हाच रुळला.

तिने विचारलं, मुळात पोकळ का? याचं उत्तर कोणताही फॅब्रिकेटर देईल. तेवढ्याच वजनाची सळई आणि पाइप घ्या, पाइप वाकायला जड जातो. कागदावर मांडून दाखवलं. १६ आणि १० व्यासाच्या नळीत जेवढं हाड आहे तेवढ्याच हाडाची भरीव कांडी केली तर तिचा व्यास साडेबारा मिमी येतो, आणि नळीचा ताठपणा त्या कांडीच्या सव्वादोन पट निघतो. चालणाऱ्या, पळणाऱ्या प्राण्याला पाय हलका हवा आणि मोडायला नको. त्यासाठी नळीच सोयीची.

मग ज्यांनी नळी भरून काढली त्यांनी एवढा तोटा का सोसला? तिथे पाणी येतं. फुफ्फुसात हवा भरलेला प्राणी पाण्यात वर येतो. तळाशी चालायचं किंवा चरायचं असेल तर अंगावर वजन हवं. घट्ट हाडाची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे हाडच वजनाचं काम करतं. होडीच्या तळाशी दगड भरतात तसं. समुद्रगाय समुद्रतळाचं गवत खाते, तिच्या बरगड्या हस्तिदंतासारख्या घट्ट असतात.

२९ जून
स्कॅनिंग. साधा दस्तऐवजांचा फ्लॅटबेड स्कॅनर, १२०० डीपीआय. मग इमेजजे नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र पूर्ण काळं-पांढरं करायचं आणि पांढऱ्या ठिपक्यांचं प्रमाण काढायचं.

इथेच पहिला गोंधळ. काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ही सीमा माणूस ठरवतो. तीच मांडी, तेच चित्र, सीमा थोडी सरकवली आणि ०.६१ चे ०.६६ झाले. चरबीचा पिवळा डाग एकदा हाडात धरला जातो, एकदा पोकळीत. कारखान्यात कास्टिंगमधल्या भोकांचं प्रमाण काढताना हीच कुरबुर असते, आणि ग्राहकाशी भांडणं याच एका आकड्यावरून होतात. आता सगळी हाडं पुन्हा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली, आणि सीमा एकदाच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. मधे बदलायची नाही.

६ जुलै
आषाढी एकादशी. आज गच्चीवरचा डबा झाकून ठेवायची आज्ञा झाली. वाचनाचा दिवस.

पुतणीने इंडोहायसची गोष्ट सांगितली, आणि या प्रकल्पाला नाव द्यायचंच झालं तर याच प्राण्याचं द्यावं असं वाटलं. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट नावाचं गाव आहे. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी तिथले जीवाश्म गोळा केले आणि १९७१ मध्ये दात-जबड्यावरून या प्राण्याचं वर्णन केलं. ते गेल्यावर दगड तसेच पडून राहिले, पुढे त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतले जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्या हवाली केले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाजवळचा भाग तुटला आणि तिथे कानाच्या हाडाची एक बाजू विलक्षण जाड दिसली. तशी जाडी देवमाशांच्या कुळाची खूण. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये लेख आला. लेखकांत थेविसन यांच्यासोबत रुरकीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनचे बी. एन. तिवारी होते.

प्राणी मांजरापेक्षा फार मोठा नव्हे. चार बारीक पाय, खुरांच्या वर्गातला, साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. बाहेरून पाहिलं तर कोणी त्याला पाण्याशी जोडलं नसतं. पण पायाची हाडं कापली तर भिंत जाड आणि पोकळी अरुंद. पळणाऱ्या हरणाच्या पायात हे परवडत नाही.

मला भावलेली गोष्ट पुढची. ते हाडावर थांबले नाहीत. दातातला ऑक्सिजन तपासला. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या दातांत जड ऑक्सिजनचं, म्हणजे ऑक्सिजनच्याच जरा वजनदार प्रकाराचं, प्रमाण जमिनीवरच्यांपेक्षा कमी निघतं, आणि इंडोहायसचं तसंच निघालं. दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, आणि जबानी सारखी. कारखान्यातही नुसत्या सूक्ष्मदर्शकावर माल नाकारत नाहीत, कठीणपणाही मोजतात.

आपल्याकडे याचा एक जवळचा भासणारा प्राणी आहे: सह्याद्रीतली पिसोरी. मूषक-हरिण. आफ्रिकेतला तिचा पाण्याकाठचा भाऊबंद शिकारी मागे लागला की सरळ पाण्यात उडी मारून बुडून राहतो, आणि इंडोहायसचं वागणं समजून घ्यायला थेविसन यांनी त्याचाच दाखला दिला. पिसोरीचं हाड आमच्या हाती येणार नाही, ते बरंच आहे.

१२ जुलै
एका बोकडाची मांडी आणि पुढची नळी शेजारी ठेवून मोजली. मांडी ०.६१, नळी ०.७०. एकच जनावर, तेही आयुष्यात डोहात न उतरलेलं. मांडीला विचारलं तर ते गवताळ माळावरचं, नळीला विचारलं तर थोडं ओढ्याकडे सरकलेलं. म्हणजे तुलना करायची तर एकाच नावाच्या हाडांची.

मग दुसरी मांडी घेऊन दर सेंटिमीटरला छेद घेतले. दहा चकत्या. पुतणीने आलेख काढला. मध्यावर भिंत सगळ्यात जाड आणि पोकळी स्वच्छ. गुडघ्याकडे जाताना भिंत कागदासारखी होत जाते आणि पोकळीत जाळी भरू लागते. शेवटच्या दोन चकत्यांत पोकळी उरतच नाही, सगळं मधाच्या पोळ्यासारखं. मध्यापासून दोन सेंटिमीटर चुकलं तर आकडा पाच-सात टक्क्यांनी हलतो. जीवाश्म मात्र मध्यावरच मोडून मिळतो असा काही नियम नाही.

तिला एक भीती होती: छेद तिरका गेला तर? इथे कागदावर एक मजा निघाली. सरळ नळी तिरकी कापली तर बाहेरचं वर्तुळ आणि आतलं वर्तुळ दोन्ही एकाच प्रमाणात ताणली जातात, त्यामुळे भरीवपणा तोच राहतो. भिंतीची जाडी मात्र फुगून दिसते. म्हणून नुसती जाडी मोजून निष्कर्ष काढणाऱ्यांपेक्षा क्षेत्रफळ मोजणारे शहाणे. पीव्हीसीचा तुकडा तिरका कापून खात्री केली.

बोन प्रोफायलर नावाचं एक साधन आहे, जिरोंदो आणि लोरँ या दोघांनी २००३ मध्ये मांडलेलं. ते एका आकड्यावर समाधान मानत नाही. छेदाच्या केंद्रापासून कडेपर्यंत वर्तुळामागून वर्तुळ घेतं आणि प्रत्येकात हाड किती हे सांगतं. त्यातून एक वळण मिळतं: केंद्रात शून्याजवळ, कडेला एकाजवळ, मधे चढ. चढ कुठे आहे यावरून पोकळीचा आकार कळतो, आणि चढ किती तीव्र यावरून भिंत एकदम सुरू होते की जाळीतून हळूहळू, हे कळतं. बोकडाचं वळण जिन्याच्या पायरीसारखं उभं. आम्ही कास्टिंगमध्ये कडेपासून गाभ्याकडे कठीणपणा मोजत जातो तीच रीत. ओळखीचं काही भेटलं की बरं वाटतं.

१९ जुलै
म्हशीची पुढची नळी मिळवली. वजनदार. गच्चीवर वाळत ठेवली होती, सकाळी गायब. शेजारच्या बोळातून मोत्याच्या तोंडात दिसली. मागे धावलो, अर्ध्या तासाच्या वाटाघाटीत बिस्किटाचा पुडा गेला आणि हाड दातांच्या खुणांसकट परत आलं. मध्यभाग शाबूत होता. नोंदीत 'नमुना ६, कुत्र्याने चावलेला' असं लिहायला पुतणीने हट्ट धरला. लिहिलं.

म्हशीवरून खरा प्रश्न निघाला. पंचगंगेत म्हशी दुपारभर बसून असतात. मग यांचं हाड भरीव व्हायला हवं ना? मी तालमीचं उदाहरण दिलं. जोर-बैठका मारणाऱ्याचं हाड जाड होतं, हाडावर भार आला की हाड वाढतं. टेनिस खेळाडूंच्या दंडाच्या हाडाची भिंत रॅकेटच्या हाताला दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एक-तृतीयांश जाड निघाल्याचं १९७७ साली क्ष-किरणांनी दाखवलं आहे. तसंच म्हशीचंही.

मग तिनेच मला उलटं पाडलं. "काका, पाण्यात भार कमी होतो. अंतराळवीरांची हाडं विरघळतात, महिन्याला कमरेच्या हाडातलं एक-दीड टक्का जातं. मग पाण्यात राहणाऱ्याचं हाड पातळ व्हायला पाहिजे. जाड कसं?"

चहा थंड झाला तरी उत्तर सुचेना. संध्याकाळी एकत्र बसून जे जुळवलं ते असं. जन्मभर व्यायाम करून किंवा न करून हाड जे बदलतं तो एक भाग. समुद्रगायीचं जड हाड पिल्लाच्या वाढीतच ठरलेलं असतं, पिढ्यानपिढ्या निवडून आलेलं. तिथे आतलं हाड पोखरून मगजाला जागा करायचं काम मंदावतं किंवा थांबतं. म्हैस पाण्यात बसते ती उन्हापासून आणि माशांपासून सुटायला, तळाशी चरायला नाही. तिचे पूर्वज तसे निवडले गेले नाहीत. तिची नळी जाड आहे हे खरं, पण ती पाचशे किलोचं धूड पेलते. बोकडाशी थेट तुलना केली तर मोठेपणाची जाडी आणि पाण्याची जाडी यांत फरक करता येत नाही. बैलाचं हाड हवं होतं. राज्यातला गोवंश कायदा पाहता त्या भानगडीत पडलो नाही.

हत्तीचीही अडचण तीच. त्याच्या पायाच्या हाडात मोकळी पोकळी नसते, सगळी जाळी भरलेली. तो पाण्यात राहतो म्हणून नाही, खांब आहे म्हणून.

२४ जुलै
गटारी. उद्यापासून श्रावण, मग महिनाभर खाटीक निवांत आणि आम्ही उपाशी, हाडांपुरते. सकाळी सातला रांगेत उभं राहून जेवढं मिळेल तेवढं उचललं: ब्रॉयलरची मांडी, गावरान कोंबड्याची मांडी, गावरान कोंबडीची मांडी, एका कोंबडी-बदकं पाळणाऱ्याकडून बदकाची मांडी आणि दंड. कोंबडी सोलताना पोटात अंड्यांची माळ निघाली. पुतणीने फोटो काढला. मी तिकडे लक्ष दिलं नाही, हे पुढे आठवेल.

३ ऑगस्ट
पावसाने हैराण. पेरॉक्साइडमधून काढलेली हाडं वाळत नाहीत, दोनांवर बुरशी. गच्चीवरून सगळा पसारा माळ्यावर. बल्ब लावून वाळवतोय.

नळ्या रेझिनमध्ये बसवून मग कापायच्या ठरवलं. पक्ष्याची भिंत एवढी पातळ की हॅकसॉ लागला की टवका उडतो. कारखान्यातली थंड साच्याची रेझिन इथे कामाला आली.

१० ऑगस्ट
बदकाचा दंड. हे हाड हातात घेतलं की कोणी चकवलंय असं वाटतं, एवढं हलकं. खांद्याजवळ एक भोक असतं, त्यातून हवेची पिशवी आत शिरते. मगज नाहीच, हवा. जॉन हंटर यांनी १७७४ मध्ये पक्ष्यांच्या या हवेच्या जागांवर लेख लिहिला होता. पक्ष्याची श्वासनळी बांधून दंड कापला तर तो हाडातून श्वास घेऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. आम्ही तो प्रयोग केला नाही. कोरड्या हाडाचं भोक मेणाने बुजवून बादलीत टाकलं, ते तरंगलं. तेवढ्यावर समाधान.

बदक आयुष्यभर पाण्यावर, आणि त्याच्या दंडाला विचारलं तर उत्तर 'उडणारा'. दोन्ही खरंच आहे. बदक पाण्यावर तरंगतं, डोकं खाली घालून चरतं, बुडी मारून राहत नाही. पाणकावळ्यासारख्या बुडणाऱ्या पक्ष्यांत ही हवेची सोय कमी असते, आणि पेंग्विनच्या हाडात मगजच, भिंत जाड. 'पाण्यातला' हा एक शब्द किती वेगवेगळ्या धंद्यांना लावतो आपण.

देवमासे तर याच्याही पलीकडे. सुरुवातीच्या देवमाशांची हाडं जड होती. कच्छमधल्या खडकांत सापडलेला कचिसेटस बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० मध्ये जगापुढे आणला, त्याच्या बरगड्याही घट्ट आहेत. पण खोल समुद्रात वेगाने पोहणारे आजचे देवमासे जड हाड टाकून बसले. त्यांच्या पुढच्या हातांच्या हाडात घट्ट भिंत कमी आणि मधे पोकळी नाही, सगळी स्पंजी जाळी. उथळ पाण्यात तळावर वावरायचं तर वजन हवं, मोकळ्या समुद्रात धावायचं तर नको.

१७ ऑगस्ट
आंधळी परीक्षा. पुतणीने दहा चित्रांवरची नावं झाकली आणि मला राहणी ओळखायला सांगितली. आकार सगळ्यांचा सारखा करून घेतला होता, त्यामुळे लहान-मोठं कळत नव्हतं.

सहा बरोबर. ब्रॉयलरला मी चुकून 'आजारी' म्हणालो, तिने अर्धा गुण दिला. ती मांडी जेमतेम सहा आठवड्यांच्या पिल्लाची असते, हाड अजून घाईघाईने वाढतंय, भिंतीत भोकंच भोकं. वय न पाहता छेद वाचला की असं होतं. बोकडाच्या गुडघ्याजवळची चकती तिने मुद्दाम घातली होती. ती मी 'हत्तीच्या जातीचं मोठं जनावर' ठरवली. हसून तिचं पोट दुखलं.

खरी फजिती चित्र क्रमांक ७ वर. भिंत साधी, पण आत पोकळीत सर्वत्र पांढऱ्या काड्या, दाट. भरीवपणा आमच्या यादीत सगळ्यात वर. मी छाती ठोकून सांगितलं: "पाण्यातला. तळाशी चरणारा. आपल्याला खाटकाकडे हे कुठून मिळालं?"

गावरान कोंबडी निघाली. अंड्यावर आलेली.

हे मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. अंडी घालायच्या काळात कोंबडीच्या मगजाच्या जागेत एक तात्पुरतं हाड तयार होतं. कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिथे साठतं, रात्री कवच बनताना तिथून काढलं जातं. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि चाऱ्यातून ते ऐन वेळी पुरत नाही. अंडी थांबली की हे हाडही जातं. कोंबड्यात ते नसतं, आणि शेजारच्या चित्रातल्या गावरान कोंबड्याची पोकळी स्वच्छ होतीच. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर यांनी एका टी-रेक्सच्या मांडीत असंच हाड सापडल्याचं सांगितलं आणि त्यावरून ती मादी ठरवली. म्हणजे ज्याला मी पाण्याची खूण समजलो तीच दुसऱ्या कुणाला मातृत्वाची खूण दिसली.

अंड्यांची माळ डोळ्यांसमोर आली. फोटोही तिच्या मोबाइलमध्ये होता.

२३ ऑगस्ट
कोंबडीमुळे मी नरमलो आणि आता स्पायनोसॉरसचा वाद नव्या नजरेने वाचला. इजिप्तमध्ये आणि मोरोक्कोच्या केम केम भागात सापडलेला, पाठीवर शीड असलेला मांसाहारी डायनासोर. स्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेला मूळ नमुना १९४४ च्या म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. २०१४ मध्ये नव्या सांगाड्यावर 'सायन्स'मध्ये लेख आला आणि मांडीचं हाड जवळजवळ भरीव आहे हे त्यातच दिसलं. २०२२ मध्ये फाब्री आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये शेकडो प्राण्यांच्या छेदांशी तुलना करून म्हटलं की स्पायनोसॉरस आणि इंग्लंडचा बॅरिओनिक्स पाण्याखाली बुडून शिकार करत, पण त्यांच्याच कुळातला सुकोमायमस तसा नव्हता. २०२४ मध्ये मिर्व्होल्ड, सेरेनो आणि इतरांनी 'प्लॉस वन'मध्ये आक्षेप घेतले. छेद कुठे घेतला, एकाच हाडात आकडा किती बदलतो, चित्र काळं-पांढरं करताना सीमा कुठे धरली, तुलनेत कोणते प्राणी घेतले आणि कोणते वगळले.

वाचताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. यातले पहिले तीन मुद्दे आमच्या वहीत जून-जुलैतच आहेत, मटणवाल्याच्या कृपेने. गंमत अशी की २०१४ च्या लेखात फाब्री, मिर्व्होल्ड आणि सेरेनो एकत्रच होते.

माझं मत विचाराल तर स्पायनोसॉरस उथळ पाण्यात उभा राहून मासे टिपणारा वाटतो, बगळ्यासारखा, फक्त भयंकर मोठा. पुतणीचं मत वेगळं. ती म्हणते बगळ्याच्या पायात एवढं वजन कशाला भरेल कोणी? याला माझ्याकडे बरं उत्तर नाही. शीड असलेला, आखूड मागच्या पायांचा प्राणी पाण्यात कलंडायचा कसा थांबला हेही तिला सांगता येत नाही. चहा दोन वेळा झाला.

३१ ऑगस्ट
गणपती, आज गौरी आल्या. काम बंद. माळ्यावरचा वास खाली येतोय अशी तक्रार. सगळी हाडं घट्ट झाकणाच्या डब्यात, कापराच्या वड्या टाकून.

१३ सप्टेंबर
अहवाल लिहायला घेतला. दहा नमुन्यांवर संख्याशास्त्र करायचं नाही असं ठरलं. तिच्या सरांनीही तेच सांगितलं म्हणे. तक्त्यात प्रत्येक छेदापुढे पाच रकाने: कोणतं हाड, टोकापासून किती अंतरावर कापलं, जनावराचं वय अंदाजे, नर की मादी, आणि चित्राची सीमा कुठे धरली. भरीवपणा सहाव्या रकान्यात. मी म्हटलं मुख्य आकडा पहिला लिही. तिने ऐकलं नाही, आणि आता पाहतोय तर तिचंच बरोबर आहे. क्रमांक ७ चा सहावा रकाना पहिला वाचला असता तर पुन्हा समुद्रगायच म्हटलो असतो.

चकत्या दोन डब्यांत बसवल्या. एक तिच्या कॉलेजला जाणार. दुसऱ्यात बोकडाची दहा चकत्यांची मांडी, बदकाचा दंड, मोत्याने चावलेली नळी आणि कोंबडी. तो माझ्याकडे. क्रमांक ७ च्या चिठ्ठीवर तिने बारीक अक्षरात लिहिलंय: "काकांची पाणकोंबडी".

श्रावण संपून तीन आठवडे झाले. मटणवाल्याचा निरोप आलाय की दोन अख्ख्या मांड्या बाजूला काढून ठेवल्यात, यायचं का. या वेळी रश्श्यासाठी म्हणाला.